सहा-अठरा आणि सहा-चोवीस

मामा निवृत्त नेत्रशल्यचिकित्सक. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये त्यांची बरीचशी नोकरी झाली, आणि त्यातले कित्येक बुधवार दिव्यांग बोर्डावर गेले. भाची, म्हणजे माझी बायको, पुण्यात एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. तिथल्या दिव्यांग कक्षाचं काम तिच्याकडे आहे. 'तिच्याकडे आहे' याचा अर्थ असा, की प्राचार्यांनी एका बैठकीत 'हे कोण बघेल?' म्हणून सभोवार पाहिलं तेव्हा बाकीच्यांनी वेळेवर मान खाली घातली होती. मामांनी आयुष्यभर दाखल्यांवर सह्या केल्या, भाची तेच दाखले परीक्षा विभागाच्या खिडकीत सरकवते. एकाच कागदाच्या दोन टोकांना उभी असलेली ही माणसं भेटली की भांडतात. भाचेजावयाने अशा वेळी मध्ये पडायचं नसतं. मी फक्त ऐकलं आणि नंतर लिहून काढलं. जिथे राहवलं नाही तिथे माझी दोन वाक्यं घुसडली आहेत.

या वेळी निमित्त होतं बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाच्या फायलीचं.

भाची: मामा, हा दाखला वाचा. दृष्टिदोष, शून्य टक्के. मुलाला रेटिनायटिस पिगमेंटोझा आहे. दिवेलागणीनंतर वसतिगृहाचा जिना तो भिंत चाचपत उतरतो. प्रश्नपत्रिका वाचताना ओळ हरवते, परत शोधतो, परत हरवते. आणि कागद म्हणतो शून्य.

मामा: चष्म्यानं किती दिसतंय?

भाची: दोन्ही डोळ्यांनी सहा-बारा.

मामा: मग शून्य बरोबर आहे.

भाची: अहो, पण त्याचं फील्ड? समोरचं तेवढं दिसतं, आजूबाजूचं सगळं गेलंय.

मामा: फील्डचा रिपोर्ट फायलीत लावलाय का? नाही ना? मग बोर्डावरच्या माणसानं काय करायचं? त्याच्या पुढ्यात तक्ता आहे, मुलानं सहा-बाराची ओळ वाचली, त्यानं लिहिलं. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत टक्केवारीचं कोष्टक आहे, त्यात नजरेची तीक्ष्णता आहे तसं दृष्टिक्षेत्रही आहे. चांगल्या डोळ्याचं क्षेत्र मध्यबिंदूभोवती वीस अंशांच्या आत आलं की माणूस सत्तर टक्क्यांच्या घरात जातो, मग तक्त्यावर त्यानं काहीही वाचू दे. तुझा मुलगा कदाचित सत्तरचा असेल. पण ते पेरिमेट्री, म्हणजे क्षेत्राची मोजणी, केल्याशिवाय कळणार कसं?

भाची: म्हणजे शून्य आणि सत्तर यांत फरक आजाराचा नाही. त्या दिवशी कोणतं मशीन चालू होतं, त्याचा आहे.

मामा: मशीन असतं कुठे कुठे. असलं तर चालवणारा रजेवर. हे मला सांगू नकोस, मी भोगलंय. एका डोळ्याला पाच-सात मिनिटं लागतात, पेशंटनं मान न हलवता ठिपके दिसले की बटण दाबायचं असतं. बुधवारी बाहेर शंभर माणसं, त्यांत निम्मी गावाकडून पहाटेच्या एसटीनं आलेली. सगळ्यांचं फील्ड करायचं म्हटलं तर शेवटच्या माणसाची पाळी पुढच्या महिन्यात.

इथे वाचकांसाठी थोडं थांबतो. सहा-बारा, सहा-अठरा ही भाषा डोळ्याच्या डॉक्टरांची रोजची. निरोगी डोळा जे अक्षर अठरा मीटरवरून वाचतो ते वाचायला ज्याला सहा मीटरवर यावं लागतं, त्याची नजर ६/१८. स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरने १८६२ साली हा तक्ता काढला आणि आजही जगभरच्या सरकारांचा हिशेब त्यावर चालतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या अनुसूचीत अल्पदृष्टी आणि अंधत्व यांच्या व्याख्या याच आकड्यांत आहेत: चांगल्या डोळ्याने, शक्य तो उत्तम चष्मा लावून, ३/६० च्या खाली गेलं की अंधत्व.

भाचीचा खरा राग या तक्त्यातल्या एका पायरीवर आहे.

भाची: तुमच्या त्या कोष्टकात दोन्ही डोळे सहा-अठरा असले तर शून्य टक्के. दोन्ही सहा-चोवीस असले तर चाळीस. मध्ये काहीच नाही. तक्त्यावर ओळ एक खाली, आणि इकडे कायद्याची सगळी दारं उघडी, तिकडे सगळी बंद. आणि एक डोळा पूर्ण गेलेला, दुसरा चांगला, त्याला तीस. म्हणजे त्यालाही काही नाही.

मामा: रेघ कुठेतरी मारावीच लागते. तू पस्तीसला पास करतेस, चौतीसवाल्याला काय सांगतेस?

भाची: चौतीसवाल्याला मी ग्रेस देते.

मामा: (हसत) ते तुझं परीक्षक म्हणून असलेलं पाप. माझ्याकडे ग्रेस नव्हते. आणि नव्हते तेच बरं होतं. ऐक, मी नोकरीला लागलो तेव्हा दाखले हातानं लिहायचे. टक्के म्हणजे डॉक्टरचा अंदाज. सरपंचाचा भाऊ आला की पंचेचाळीस, त्याच्याच गावची विधवा आली की 'पुढच्या बुधवारी या'. आपल्याकडे संगणकावर दाखले सुरू झाले, मग केंद्राचं यूडीआयडी कार्ड आलं, कोष्टक पक्कं झालं. आता सहा-साठ म्हणजे सहा-साठ, मग आमदाराची चिठ्ठी आणा की कुणाची आणा. ज्याच्या मागे कुणी नाही त्याच्या मागे तो आकडा उभा राहतो. तुम्ही पुण्याची माणसं आकड्याला नावं ठेवता, कारण तुम्हाला इंग्रजीत अर्ज लिहिता येतो.

हे मामांचं हुकमी अस्त्र, आणि ते नुसतं बोलण्यापुरतं नाही. दाखला नसला की मुलाला प्रत्येक खिडकीवर आपली गोष्ट नव्याने सांगावी लागते. सांगणारा बोलका असेल, त्याचे वडील सोबत आलेले असतील, ते प्राध्यापकाच्या ओळखीचे असतील, तर काम होतं. मुखदुर्बळ मुलाला कागदाइतका बोलका वकील दुसरा नाही. भाचीलाही हे ठाऊक आहे. म्हणूनच ती इथे थेट उत्तर न देता बाजूने आत शिरते.

भाची: आकडा राहू द्या. पण कशासाठी राहू द्यायचा ते तरी ठरवा. कायद्याच्या ३२ व्या कलमात उच्च शिक्षणातलं पाच टक्के आरक्षण आहे, तिथे स्पष्ट लिहिलंय की ते लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांना, म्हणजे चाळीस टक्के आणि वर. ठीक. जागा मोजक्या आहेत, एकाला दिली की दुसऱ्याची जाते, तिथे रेघ हवी. पण १७ वं कलम वाचा. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, अभ्यासक्रमात योग्य ते बदल. या सोयींपुढे 'दिव्यांग विद्यार्थी' एवढंच आहे, चाळीसची अट नाही. हे चाळीस परीक्षा विभागानं स्वतःच्या मनानं लावलंय. मी एका मुलीसाठी प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरात मागितली. मोठ्या अक्षरात! त्यानं कुणाची जागा जाते? तरी खिडकीवरचा माणूस म्हणतो, 'मॅडम, चाळीस आहेत का?'

मामा: त्याचंही बरोबर आहे. त्याला परिपत्रकात जे दिसतं ते तो बघणार.

भाची: मग परिपत्रक चुकलं. सुप्रीम कोर्टानं ११ फेब्रुवारी २०२१ ला विकास कुमारच्या निकालात हेच सांगितलं. त्या उमेदवाराला रायटर्स क्रॅम्प होता, लिहिताना हाताचे स्नायू आखडायचे. यूपीएससीनं लेखनिक नाकारला, कारण तो ठरलेल्या गटात बसत नव्हता. कोर्ट म्हणालं, चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासारख्या गोष्टींसाठी आहे. वाजवी सोयीसुविधांचा हक्क प्रत्येक दिव्यांग व्यक्तीला आहे, टक्के कितीही असोत. त्यानंतर केंद्रानं १० ऑगस्ट २०२२ ला चाळीसच्या खालच्यांसाठी वेगळी नियमावली काढली.

मामा: ती वाचलीस का नीट? त्यात 'लिहिण्यात अडचण' असा शब्दप्रयोग आहे. आणि मुळात ती भरती आणि स्पर्धा परीक्षांसाठीची. तुझ्या मुलाला लिहिण्यात अडचण नाही, वाचण्यात आहे.

भाची गप्प झाली. अल्पदृष्टीच्या मुलांची ही जुनीच कोंडी आहे. २९ ऑगस्ट २०१८ च्या परीक्षाविषयक सूचनांत पूर्ण अंध उमेदवाराने लेखनिक मागितला की तो द्यायचा, पुढे विचारायचं नाही. अल्पदृष्टीचा मुलगा मात्र 'उर्वरित' गटात पडत असे. त्याने टक्क्यांचा दाखला आणला तरी पुरत नसे, 'याला लिहिण्यावर शारीरिक मर्यादा आहे आणि लेखनिक आवश्यक आहे' असा दुसरा कागद सिव्हिल सर्जनकडून आणावा लागे. तो आणायला पुन्हा सिव्हिल, पुन्हा केस पेपर. हाताने ठणठणीत लिहू शकणाऱ्या मुलाला डोळ्यांच्या कारणासाठी लिहिण्याच्या मर्यादेचा दाखला मागायचा, आणि डॉक्टरने तो द्यायचा, हे नाटक दोघांनाही कळत असे. जादा वेळेचं तरी सरळ होतं: तासाला किमान वीस मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. पण हा सरळपणाही चाळीसच्या वरच्यांसाठी.

मामा: आता माझं ऐक. तुम्ही म्हणता, टक्के काढा, मुलाला विचारा, तो सांगेल ते द्या. मी बोर्डावर काय काय पाहिलंय! एसटीत ड्रायव्हर व्हायला निघालेला माणूस तक्ता पाठ करून यायचा आणि दाखल्यासाठी आलेला तक्ता विसरून यायचा. एकदा एक जण आला, म्हणे डावा डोळा पार गेलाय. मी ट्रायल फ्रेम चढवली, उजव्या डोळ्यापुढे जाड प्लसची काच टाकली, म्हणजे त्या डोळ्याला सगळं धुरकट. डाव्यापुढे साधी काच. म्हटलं, दोन्ही डोळे उघडे ठेवून वाच. गड्यानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. त्याला वाटलं, उजव्यानंच वाचतोय.

भाची: मग पकडलंत ना? हेच तर मी म्हणतेय. पकडायची साधनं आहेत. ९१ व्या कलमात खोटेपणानं लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. लबाडाला त्याच्या लबाडीची शिक्षा करा. त्याच्यामुळे बाकी शंभरांना उन्हात का उभं करता?

मामा: कारण लोक नंतर दाखल्यावर शंका घेतात ना! २०२४ साली पुण्यातल्या त्या प्रशिक्षणार्थी अधिकारी बाईंच्या दाखल्यांचं काय झालं, पेपरात वाचलंस की नाही? त्या प्रकरणाचं पुढे काय व्हायचं ते होवो. पण त्यानंतर जो उठला तो दिव्यांग मुलांकडे बोट दाखवायला लागला. खरा अल्पदृष्टीचा मुलगा मोबाईल डोळ्याजवळ नेऊन वाचताना दिसला तरी 'हा बघा, वाचतोय की!' व्हायरल. तेव्हा मुलाला वाचवलं कुणी? दाखल्यानंच.

भाची: नाही वाचवलं. दाखला हातात असून लोक म्हणतच होते.

मामा: पण दाखला नसता तर?

यावर दोघांनीही चहाचा कप उचलला.

मला इथे भाचीची बाजू थोडी जास्त पटते, आणि ती बायको आहे म्हणून नव्हे. विकास कुमारच्या प्रकरणात गैरवापराच्या भीतीचा मुद्दा कोर्टापुढे आला होता, आणि कोर्टाने तो नाकारला. गैरवापर चाळीसच्या वरही होऊ शकतो, त्यासाठी खालच्यांना बाहेर ठेवणं हा उपाय नव्हे. तरीही मामांच्या बोलण्यातला एक भाग कोर्टाच्या निकालपत्रात उतरत नाही. रोजच्या वागण्यात संशयाचा निकाल कोर्ट लावत नाही, वर्गातली मुलं लावतात.

भाची: अमेरिकेत अहेड नावाची संस्था आहे, विद्यापीठांतल्या दिव्यांग कक्षांची. त्यांनी २०१२ साली सांगितलं, की विद्यार्थी स्वतः काय सांगतो तो पहिला पुरावा धरा. त्याच्याशी बोलून तुम्हाला काय जाणवलं, तो दुसरा. डॉक्टरचे कागद त्यानंतर. आपण बरोबर उलटं करतो. कागद पहिला, कागदच शेवटचा, मुलाशी बोलतच नाही कुणी.

मामा: तिथे कक्षात किती माणसं असतात? आणि तुझ्या कक्षात?

भाची: मी. आणि ग्रंथालयातला एक शिपाई, तोही दुपारनंतर.

मामा: आणि मुलं? तुझ्या कॉलेजात हजारो. मुलाशी बोलायला तासभर पाहिजे, बोलणाऱ्याला त्यातलं कळायला पाहिजे. तुला स्टारगार्ट म्हणजे काय आणि केराटोकोनस म्हणजे काय हे माहीत आहे, कारण मामा डोळ्याचा डॉक्टर. बाकीच्या कॉलेजात कोण आहे? पीटीचे सर. त्यांनी मुलाशी बोलून ठरवायचं? त्यापेक्षा माझे टक्के परवडले.

भाची: टक्के काहीच सांगत नाहीत, हीच तर अडचण आहे! थांबा, दाखवते.

तिने पिशवीतून गेल्या सत्राची प्रश्नपत्रिका काढली. विद्यापीठाची नेहमीची, ए-४ कागद, दाट ओळी, इंग्रजी आणि मराठी एकाखाली एक. शेजारी तीच प्रश्नपत्रिका ए-३ वर मोठी करून घेतलेली. परीक्षा विभागाने मेहरबानी म्हणून दिलेली, तीही चाळीस टक्के असलेल्या मुलीला. मुलीला स्टारगार्टचा आजार, म्हणजे दृष्टिपटलाचा मधला भाग झिजलेला. कडेने दिसतं, नेमकं समोरचं अक्षर जातं.

मामांनी उठून कपाटातून जवळच्या वाचनाचा तक्ता आणला. लांबच्या तक्त्याचा हा भाऊ तसा दुर्लक्षितच. चष्म्याच्या दुकानात चाळिशीवाल्यांच्या हातात देतात तो. एन ६, एन ८, एन १२, एन १८ असे परिच्छेद, आणि आकडा म्हणजे छपाईतला पॉइंट. त्यांनी प्रश्नपत्रिका तक्त्याशेजारी धरली.

मामा: हे दहा पॉइंट आहे. एन १० समज. मुलगी जवळचं किती वाचते?

भाची: खूप जवळ धरून एन १२.

मामा: वाचते, की ओळखते? एकेक अक्षर ओळखलं म्हणजे वाचलं नव्हे. सलग वाचायचं असेल तर कसंबसं दिसणाऱ्या अक्षराच्या निदान दुप्पट लागतं. म्हणजे तिला चोवीस पॉइंट पाहिजे. आणि हा ए-३ कागद म्हणजे काय? कागद दुप्पट झाला म्हणून यांना वाटतं अक्षर दुप्पट झालं. क्षेत्रफळ दुप्पट होतं! अक्षराची उंची एक पूर्णांक एक्केचाळीस पट. दहाचं चौदा झालं. मुलीला चोवीस हवं होतं, तिच्या हातात चौदा.

भाची: आणि कागद बाकावर मावत नाही, तो वेगळा.

मामा: आणि हाच ए-३ तुझ्या रेटिनायटिसच्या मुलाला दिला तर?

भाची: बरं होईल ना?

मामा: वाटोळं होईल. त्याला नळीतून बघितल्यासारखं दिसतं. अक्षर मोठं केलं की त्या नळीत अक्षरं कमी बसतात. आज एका नजरेत एक शब्द दिसत असेल तर मोठ्या कागदावर अर्धा दिसेल. त्याला छोटंच अक्षर, पण ठळक, ओळींत अंतर, आणि ओळ हरवू नये म्हणून खाली धरायला काळी पट्टी. डोक्यावर भरपूर उजेड. मुलीला उजेड जास्त झाला तर त्रास, तिला खिडकीकडे पाठ करून बसवायचं. आणि वेळ मात्र दोघांनाही.

भाचीने मामांकडे असं पाहिलं, की आता तिला पुढे काही बोलायची गरजच उरली नाही. पण ती बोलली.

भाची: मग हे कुठे लिहिलंय मुलीच्या दाखल्यावर? 'दृष्टिदोष, चाळीस टक्के, कायमस्वरूपी.' परीक्षा विभागानं यातून काय करायचं? मुलाच्या कागदावर उद्या तुम्ही सत्तर लिहाल, म्हणून त्याला आणखी मोठा कागद द्यायचा?

मामा: दाखला त्यासाठी नसतोच. दाखला बसच्या सवलतीसाठी, पेन्शनसाठी, आरक्षणासाठी. तुमच्या कॉलेजांनी त्याच कागदावर प्रश्नपत्रिकेचा फॉन्ट शोधायला घेतला, यात बोर्डाचा काय दोष?

भाची: आत्ता बोललात! मग मला दुसरा कागद द्या.

मामा: कसला?

भाची: हे तुम्ही आत्ता जे बोललात त्याचा.

इथून पुढे वाद राहिला बाजूला आणि दोघं कागदावर वाकली. मामांनी केस पेपर लिहायच्या अक्षरात लिहायला घेतलं, भाचीने तो हिसकावून स्वतः लिहिलं, कारण डॉक्टरांचं अक्षर परीक्षा विभागाच्या तक्त्यावर सहा-साठमध्ये मोडतं. आजाराचं नाव एका ओळीत. लांबची नजर एका ओळीत, कारण ती मागतीलच. मग जवळची: कोणत्या अंतरावरून, किती पॉइंट ओळखता येतं, किती पॉइंट सलग वाचता येतं. दृष्टिक्षेत्र, आणि ते मोजलं आहे की नाही हे खरंखरं. उजेड. सलग किती वेळ वाचल्यावर डोळा थकतो. या शेवटच्या ओळीवर मामा अडले, कारण हे कोणतंच मशीन सांगत नाही.

भाची: मग मुलाला विचारायचं.

मामा: म्हणजे आलीसच तुझ्या अमेरिकेवर.

भाची: केराटोकोनसच्या मुलांचं काय होतं ते आठवा. कडक लेन्स घातली की सहा-बारा दिसतं, म्हणून तुमच्या 'उत्तम चष्म्यासह' या अटीत शून्य टक्के. पण लेन्स तीन-चार तासांच्या वर सोसत नाही, डोळा लाल होतो. सकाळचा पेपर, दुपारचा पेपर, मधे प्रवास. हे मुलाशिवाय कोण सांगणार?

मामा: तो सांगेल. लेन्स देणारा डॉक्टर दुजोरा देईल. दोन्ही लिही. नुसतं मुलाचं लिहिलंस तर खिडकीवरचा माणूस कागद परत करेल. आणि मी त्या जागी असतो तर मीही केला असता.

तिने दोन्ही लिहिलं. माझ्या मते हा एवढा भाग मामांनी जिंकला, आणि तो त्यांनीच जिंकायला हवा होता. कुणाच्या तरी बोलण्यावर विश्वास ठेवा हे सांगणं सोपं आहे. तो विश्वास बदलीवर आलेल्या नव्या कारकुनालाही परवडेल असा कागद तयार करणं हे वेगळं कौशल्य आहे, आणि ते आयुष्यभर सरकारी कागद लिहिलेल्या माणसाकडेच असतं.

शेवटी मुदतीवरून पुन्हा पेटलं.

मामा: रेटिनायटिस वाढत जातो. दोन वर्षांनी पुन्हा तपासा असं लिहायला पाहिजे.

भाची: वाढतच जातो ना? कमी तर होत नाही? मग आज ज्याला एक तास जादा लागतो त्याला दोन वर्षांनी कमी कसा लागेल? त्यानं दहावीला कागद दिले, बारावीला दिले, प्रवेशाला दिले. इथेही दर सत्राला 'तीन महिन्यांच्या आतला' मागतात. 'पदवी पूर्ण होईपर्यंत, गरज वाढल्यास त्याआधी' असं लिहा.

मामा: गरज वाढल्यास. हं. लिही.

भाची: खाली सही करता?

मामा: माझ्या सहीला आता विचारतं कोण? निवृत्त माणूस. सिव्हिलच्या डॉक्टरची लागेल, शिक्क्यासकट. मी फोन करतो तिथे. आत्ता जो आहे तो माझ्या हाताखाली होता, मुलाला बुधवारी थेट आत घेईल. फील्डही त्याच दिवशी करून टाकेल.

भाची: फोन?

मामा: का? काय झालं?

भाची: सरपंचाच्या भावाला पंचेचाळीस टक्के, आणि विधवा पुढच्या बुधवारी.

मामांनी मोबाईल हातात घेतला होता, तो तसाच धरून ते थोडा वेळ बसले. मग म्हणाले, मुलाचा काय दोष, एकदा होऊ दे, पुढच्या वेळी नियमानं. भाची म्हणाली, पुढच्या वेळच्या मुलाला मामा नसेल. यावर मामा म्हणाले, तर मग हा कोरा नमुना मी सिव्हिल सर्जनला पाठवतो, एका मुलासाठी नको, ओपीडीतल्या सगळ्यांसाठी ठेव म्हणून सांगतो. आणि मुलाला? मुलाला रांगेतच जायला सांग, पण खासगीत फील्ड करून रिपोर्ट सोबत ने म्हणावं, म्हणजे परत फिरवता येणार नाही. त्याचे पैसे कोण देणार, यावर पुढचा अर्धा तास गेला.